परत न गेलेले प्रकल्प

आमच्या राज्यशास्त्र विभागात एक लोखंडी कपाट आहे. त्यात तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प वर्षवार गठ्ठे बांधून ठेवलेले असतात. स्पायरल बायंडिंग, वर पारदर्शक कागद, पहिल्या पानावर महाविद्यालयाचे बोधचिन्ह, दुसऱ्या पानावर माझ्या सहीचे प्रमाणपत्र आणि तिसऱ्या पानावर आई-वडिलांपासून टंकलेखकापर्यंत सर्वांचे ऋणनिर्देश. शेजारच्या कप्प्यात दुसऱ्या फायली आहेत. त्यांत मतदार जागृतीची फेरी, स्वच्छता अभियान, संविधान दिनाचे वाचन यांचे अहवाल आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीला दाखवण्यासाठी जिओटॅग केलेले, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले फोटो आहेत. पहिल्या कप्प्याला संशोधन म्हणतात आणि दुसऱ्याला समाजसहभाग. वीस वर्षांहून अधिक काळ या दोन्ही कप्प्यांतल्या कागदांवर मी सह्या करत आलो आहे. पहिल्यातला एकही प्रकल्प ज्या गावाबद्दल लिहिला गेला त्या गावात कधी वाचला गेला नाही, आणि दुसऱ्यातला एकही कार्यक्रम कोणत्याही शोधातून निघालेला नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे हा प्रश्न आता एका कपाटापुरता राहिलेला नाही. २०२० च्या धोरणानुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट आणि रिसर्च प्रोजेक्ट असे तीन निरनिराळे रकाने आले असून त्यांना स्वतंत्र श्रेयांक (क्रेडिट) आहेत. हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु रकाने वेगळे झाले की त्यांच्या फायली वेगळ्या होतात, फायली वेगळ्या झाल्या की शिक्षक वेगळे नेमले जातात, आणि अखेरीस एकच विद्यार्थी सोमवारी गावाबद्दल माहिती गोळा करतो व शनिवारी त्याच गावात झाडू घेऊन उभा राहतो, पण सोमवारच्या वहीत जे लिहिले त्याचा शनिवारी कोणाजवळ उच्चारही करत नाही. पदवीच्या पातळीवरचे राज्यशास्त्रातील संशोधन ज्यांच्याविषयी केले त्यांच्यासमोर मांडले गेल्याशिवाय पुरे झाले असे मानू नये, आणि हे मांडणे हाच त्या विद्यार्थ्याचा नागरी सहभाग मानावा, त्यासाठी वेगळी फेरी काढण्याची गरज नाही, असे माझे मत आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली ती पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींच्या निमित्ताने. म्हणजे एका स्थानिक, हिशेबी आणि काहीशा रुक्ष प्रश्नातून. सभेचा सभासद व्हायचे तर किमान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आपण कोणाच्या वतीने बोलतो हे आधी कागदावर सिद्ध करा आणि मग बोला, असा तो दंडक होता. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने आपली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवून पिकांची, भावांची आणि दुष्काळी कामांवरच्या मजुरीची माहिती मिळवली आणि ती पत्रांमागून पत्रे लिहून सरकारपुढे ठेवली. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या त्या कामाला आज संशोधन म्हणावे की चळवळ, असा प्रश्न त्यांना कोणी विचारला असता तर तो त्यांना समजलाही नसता. पुढे विद्यापीठे वाढली, विषयांच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि माहिती गोळा करणारा व मागणी करणारा ही दोन वेगळी माणसे झाली. मोठ्या संशोधनात या फारकतीची काही कारणे असतील, पण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने स्वतःच्या तालुक्याबद्दल केलेल्या चाळीस पानांच्या कामात ती पाळण्याचे प्रयोजन मला सापडत नाही.

हे माझ्या ध्यानात आणून दिले ते तृतीय वर्षातल्या एका विद्यार्थिनीने. तिचा विषय होता स्वतःच्या गावातील महिला ग्रामसभा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी गावातील महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान आवश्यक हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती धरली जाते, आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुढच्या वेळी ती अट राहत नाही. हे सगळे तिने पुस्तकातून नीट लिहून आणले होते. सोबत वीस प्रश्नांची प्रश्नावली होती आणि ती मीच तपासून दिली होती. तिच्यात ‘महिला सक्षमीकरणाबाबत आपण समाधानी आहात काय? पूर्णतः, अंशतः, अजिबात नाही’ अशा धर्तीचे प्रश्न होते. पहिल्याच घरी एका वयस्क बाईने तिला बसवून घेतले, चहा दिला आणि सगळ्या प्रश्नांना ‘बरं चाललंय की’ एवढे एकच उत्तर दिले. ते उत्तर पूर्णतः मध्ये टाकायचे की अंशतः मध्ये, हे विचारायला ती माझ्याकडे आली तेव्हा मला माझ्याच प्रश्नावलीची लाज वाटली.

आम्ही प्रश्नावली बाजूला ठेवली. तिला एवढेच सांगितले की २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा कधी आणि कुठे आहे ते शोध, तिथे जाऊन बस आणि दिसेल ते वहीत लिही. सूचना फलकावर ग्रामसभेच्या आदल्या दिवशी सकाळी समाजमंदिरात सभा असल्याचा कागद होता. त्या वेळी ती तिथे पोहोचली तेव्हा समाजमंदिराला कुलूप होते आणि ओट्यावर दोन म्हातारे बसले होते. तासभर ती बसून राहिली. नंतर तिने आठ-दहा बायकांना विचारले, तर ‘सभा? बचत गटाची का?’ असा उलट प्रश्न आला. पुढे प्रोसिडिंगची वही पाहायला मिळाली तेव्हा तीत त्या सभेचे इतिवृत्त होते, सूचक-अनुमोदकांची नावे होती आणि पानभर सह्या होत्या. त्या सह्यांचा क्रम बचत गटाच्या हजेरीपटाच्या क्रमाशी तंतोतंत जुळत होता. तिने दोन्ही याद्या शेजारी-शेजारी ठेवून एक तक्ता केला. माझ्या मते तिच्या प्रकल्पातले तेच एक पान संशोधन होते, बाकी सगळी पुस्तकाची उतरवणूक.

या तक्त्याचे मोल समजून घेतले पाहिजे, कारण पदवीच्या विद्यार्थ्याचे संशोधन म्हणजे मोठ्यांच्या संशोधनाची कच्ची नक्कल, असे आपण मनात धरून चालतो. पंचायत राज संस्थांविषयीची ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, स्थानिक संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के जागा महाराष्ट्राने २०११ पासून दिल्या, त्यांवर मोठमोठी सर्वेक्षणे झाली. परंतु बचत गटाचा हजेरीपट आणि ग्रामसभेची वही एकाच शिपायाच्या पिशवीतून फिरतात, हे दिल्लीहून आलेल्या संशोधकाला दिसणे जवळपास अशक्य आहे. त्या मुलीला ते दिसले, कारण तो शिपाई तिच्या गल्लीत राहतो. कमी वाचन, अपुरी पद्धत, तोकडे इंग्रजी या तिच्या उणिवा खऱ्याच आहेत. पण गावातल्या कोणत्या कागदाचा कोणाशी संबंध आहे हे तिला उपजत ठाऊक आहे, आणि हे ज्ञान विद्यापीठाला तिच्यावाचून मिळणार नाही. अशा विद्यार्थ्यांकडून राष्ट्रीय पक्षप्रणालीवर किंवा परराष्ट्र धोरणावर प्रकल्प लिहून घेणे म्हणजे ज्याच्या हातात विळा आहे त्याला पाटी-पेन्सिल देऊन कणीस काढायला सांगण्यासारखे आहे. त्यातून झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीच्या प्रकल्पावर नवे नाव घालण्याचा व्यवसाय तेवढा चालतो, आणि हल्ली तर त्या दुकानापर्यंतही जावे लागत नाही, मोबाईलवरच चाळीस पाने तयार होतात. समाजमंदिराच्या कुलपाचे पान मात्र मोबाईलला लिहिता येत नाही.

आता प्रश्न आला पुढचा. तक्त्यातल्या सह्यांपैकी कोणाकोणाच्या सह्या त्यांच्या माघारी झाल्या किंवा सभेबाहेर घेतल्या गेल्या, याची नावानिशी यादी तिला जोडायची होती. तिचा संताप खरा होता आणि पुरावाही होता. मी तिला थांबवले, आणि त्या वेळी मला १८९७ सालच्या गोखल्यांची आठवण झाली. फर्ग्युसनचे प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्यातील प्लेगच्या झडत्यांमध्ये गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना पुण्याहून आली. त्यांनी तो आरोप तिथल्या वर्तमानपत्रातून जाहीर केला. मायदेशी परतल्यावर पुरावा मागितला गेला. पत्र लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे म्हणजे त्यांना सरकारच्या तोंडी देणे होते, आणि ती न देता आरोप सिद्ध करता येत नव्हता. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्या माफीची किंमत त्यांनी पुढे बरीच वर्षे मोजली, स्वकीयांच्या टीकेतून तर विशेषच. त्यांचे चुकले की नाही, यावर आजही मतभेद होऊ शकतात. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी विश्वासाने सांगितले त्यांना उघडे पाडायचे नाही हे त्यांनी मानले, पण सार्वजनिक विधान करण्यापूर्वी हे विधान सांगणाऱ्यांच्या नावांशिवाय उभे राहील का, हे तपासायचे मात्र राहून गेले. ही तपासणी आम्ही केली. नावे काढली आणि फक्त दोन याद्यांचा क्रम, दोन तारखा व कुलूप ठेवले. तक्ता तरीही उभा राहिला.

मी हे विस्ताराने सांगतो आहे कारण समाजसहभागाच्या नावाखाली जे शिकवले जाते त्यात ही अवघड बाजू कुठेच नसते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर, अशी तिची रचना आहे. त्या शिबिरांतून माझ्यासकट अनेकांना पहिल्यांदा घराबाहेरचे जग दिसले, म्हणून तिला नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण तासांत मोजलेल्या सहभागाला कोणी विरोध करत नाही, यातच त्याची मर्यादा आहे. गटार साफ करणाऱ्या विद्यार्थ्याचे सरपंच हार घालून स्वागत करतात. गटारासाठी १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतून किती पैसे आले आणि ते कुठे गेले असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याच्या वडिलांना मात्र संध्याकाळी निरोप येतो. वास्तविक दुसऱ्या विद्यार्थ्याने विचारलेली माहिती पंचायतींच्या आराखड्यांच्या व हिशेबांच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणालाही पाहता येते. आराखड्यात काय मंजूर झाले आणि कोणत्या कामावर किती खर्च पडला, हे तिथे दिसते. २०२१ ते २०२६ या काळात त्या निधीपैकी ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे राखून ठेवलेला होता, हेही उघड आहे. त्या आकड्यांना गावातल्या प्रत्यक्ष गटाराशी ताडून पाहणे हा उत्तम प्रकल्प आहे आणि उत्तम नागरिकत्वही. त्याला हार मिळत नाही एवढेच.

इथे संस्थाचालकांचा आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. महाविद्यालयात राजकारण नको, असे ते म्हणतात. गमतीचा भाग असा की ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक शिक्षणसंस्थांच्या कार्यकारी मंडळावर आजी-माजी आमदार, साखर कारखान्याचे संचालक आणि बाजार समितीचे सभापती बसलेले असतात. राजकारण महाविद्यालयात आधीपासूनच आहे, ते फक्त विद्यार्थ्याच्या हाताला लागू नये असा बेत असतो. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या विद्यार्थी निवडणुका बंद झाल्या, २०१६ च्या कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली, पण आमच्या आवारात मतपेटी काही आली नाही. मतदानाचे वय १९८९ पासून १८ आहे आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लढवण्याचे वय २१. म्हणजे पदवी पूर्ण होते त्याच सुमारास विद्यार्थी सदस्य होण्यास पात्र ठरतो. त्याला तीन वर्षे पंचायत राज शिकवायचे, पण शेजारच्या पंचायतीची वही उघडू द्यायची नाही, याला तटस्थता म्हणत नाहीत. मात्र या आक्षेपात एक दाणा खरा आहे. विद्यार्थ्याचा शोध गावातल्या एका गटाच्या हातातले हत्यार होऊ शकतो. त्यावर उपाय शोध लपवणे हा नसून तो सर्वांसमोर, ग्रामसभेत, एकाच वेळी वाचणे हा आहे. एखाद्याच्या बैठकीच्या खोलीत गुपचूप पोहोचलेला कागदच राजकारणाला उपयोगी पडतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, तो सुरक्षिततेचा. माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर लागू झाला, महाराष्ट्रात तर त्याआधीच स्वतःचा कायदा होता. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, इतके शिकवले की वर्गात मुले लगेच अर्ज लिहायला बसतात. त्याच वर्गात हेही सांगावे लागते की तळेगाव दाभाडे येथे जमीन व्यवहारांची माहिती बाहेर काढणाऱ्या सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज प्रकल्पाचा सक्तीचा भाग करणाऱ्या सहकाऱ्यांशी मी सहमत नाही. हा अधिकार कायद्याने नागरिकाला दिलेला आहे, संस्थेला नाही, त्यामुळे महाविद्यालयाच्या नावे अर्ज करता येत नाही. पण प्राध्यापकही नागरिकच असतो. अर्जावर सही आणि पत्ता प्राध्यापकाचा असावा. विद्यार्थ्याने अभ्यास करावा आणि निरोप आला तर तो आमच्या घरी यावा, एवढी जबाबदारी निवृत्तिवेतनाची शाश्वती असलेल्या माणसाने उचलायला हरकत नसावी. जे तासिका तत्त्वावर आहेत त्यांना हे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि आज अनेक विभाग त्यांच्याच खांद्यावर चालले आहेत.

शहरातल्या महाविद्यालयांना ग्रामसभा नाही, ही अडचण मला सांगितली जाते. शहरांच्या बाबतीत तर विषय आयताच मिळाला होता. मुंबई आणि पुणे महानगरपालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकांनी कारभार केला. जून २०२२ मध्ये प्रथम वर्षाला आलेला विद्यार्थी नागरी स्थानिक संस्थांविषयीच्या ७४ व्या घटनादुरुस्तीवर उत्तरे लिहून २०२५ मध्ये पदवीधर झाला, आणि त्या संपूर्ण काळात त्याच्या शहराला निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. घटनेचा २४३-यू हा अनुच्छेद मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे सांगतो. नगरसेवक नसताना प्रभागातली तक्रार कोणाकडे गेली, कोणाची लवकर सुटली, वजन कोणाचे वाढले, माजी नगरसेवकाचे कार्यालय चालू राहिले की बंद पडले, हे चार वर्षांच्या चार वर्गांनी नोंदवले असते तर मराठीत एक मोलाचा दस्तऐवज तयार झाला असता. पुण्यात २००६ पासून सहभागी अंदाजपत्रकाची सोय आहे, नागरिकांनी प्रभागातील कामे सुचवायची आणि त्यांतली काही अंदाजपत्रकात घ्यायची. सुचवलेल्या कामांचे पुढे काय झाले, हे एका प्रभागापुरते शोधून त्याच प्रभागातील सोसायट्यांच्या आणि वस्तीच्या बैठकीत सांगणे, याला ग्रामसभा लागत नाही.

संशोधनाची संधी कोणाला, याबद्दलही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. चार वर्षांच्या पदवीत शेवटच्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प ठेवला आहे, पण तो पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांसाठी. विद्यापीठीय कारकिर्दीची पायरी म्हणून ही अट समजू शकते. परंतु तीन वर्षांनी बाहेर पडणारा, ५२ टक्क्यांचा, ऊस तोडणीच्या हंगामात दोन महिने गैरहजर राहणारा विद्यार्थी हाच उद्या ग्रामपंचायतीत बसण्याची शक्यता अधिक आहे. दोन याद्या शेजारी ठेवून वाचण्याची सवय त्याला लागली नाही, तर तो पुढे सही कुठे करायची एवढेच विचारील. म्हणून गुणवंतांच्या १२ श्रेयांकांपेक्षा सर्वांच्या वाट्याला येणाऱ्या लहान क्षेत्रीय प्रकल्पाची मला जास्त काळजी वाटते.

करायला हवे ते फार मोठे नाही. तारखांचा मेळ बसवावा लागेल. ग्रामसभा प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. सम सत्राचा प्रकल्प असेल तर २६ जानेवारीची सभा पाहायची आणि १ मेच्या सभेत वाचायचे, असा नैसर्गिक क्रम तयार आहे. पण आमच्याकडे अंतर्गत गुण एप्रिलच्या मध्यापूर्वीच ऑनलाइन भरावे लागतात. म्हणजे गावाने काय म्हटले हे कळण्याआधीच गुण ठरलेले असतात. तोंडी परीक्षेला बाहेरून येणारा परीक्षक संदर्भसूची तपासतो. ‘हे अर्धेच आहे, आमच्या वाडीत आलीच नाहीस’ असे म्हणू शकणारा परीक्षक मात्र गावात बसलेला असतो, आणि त्याला बोलावणे नसते. विषम सत्रात प्रकल्प ठेवला तर १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दोन तारखा सत्राच्या आत बसतात. अभ्यास मंडळाच्या एका बैठकीत एवढा बदल करता येईल. मी तो दोनदा सुचवला आहे आणि दोन्ही वेळा तो ‘पुढील बैठकीत विचारार्थ’ ठेवला गेला.

त्या विद्यार्थिनीचे गुण १ मेच्या आधीच लागले होते. ती तरीही ग्रामसभेत उभी राहिली. ऐनवेळच्या विषयांत तिला पाच मिनिटे मिळाली आणि तिने तक्त्याचे ते एक पान वाचले. सरपंचबाई काही बोलल्या नाहीत, त्यांचे पती बोलले. मागच्या रांगेतून एका बाईने ‘मग आमची सभा हाय तरी कवा?’ असे विचारले आणि त्यावर थोडी गडबड झाली. महिनाभराने त्या विद्यार्थिनीने इतिवृत्ताची प्रत मागितली. तीत त्या विषयापुढे ‘महाविद्यालयीन विद्यार्थिनीने आपले मनोगत व्यक्त केले’ एवढीच एक ओळ होती, आणि खाली सूचक व अनुमोदक यांची नावे होती.